सी भाषेतले इफ आणि लूप कशावर घोटायचे: स्टार पॅटर्न की आकड्यांचे प्रोग्राम?

सिंटॅक्स झालंय, इफ-एल्स कळलंय, फॉर, व्हाइल, डू-व्हाइल तिन्ही वहीत उतरवून झालेत, आता सराव कशावर करायचा हे ज्यांचं ठरत नाहीये त्यांच्यासाठी लिहितोय. आपल्याकडे वाटा दोनच असतात. एक स्टार पॅटर्न म्हणजे त्रिकोण, पिरॅमिड, डायमंड वगैरे, आणि दुसरी आकड्यांचे प्रोग्राम म्हणजे पॅलिंड्रोम (उलटा वाचला तरी तोच आकडा), आर्मस्ट्राँग (१५३ सारखा, तीन अंकांच्या घनांची बेरीज परत तोच आकडा), प्राइम ही मंडळी. मी दोन्ही भरपूर केलेत, आणि आता फर्स्ट इयरच्या पोरांबरोबर बसतो तेव्हा दोन्ही परत परत बघतो, त्यामुळे जे दिसलं ते सांगतो. प्रत्येकाचं डोकं वेगळं चालतं हे मान्यच आहे.

पॅटर्नचं आधी सांगतो, कारण त्यांच्यात दम आहे. लूपच्या आत लूप ही गोष्ट नुसती ऐकून डोक्यात शिरत नाही, बाहेरचा एकदा फिरतो तेवढ्यात आतला पूर्ण फिरून येतो हे स्क्रीनवर ओळीखाली ओळ पडताना बघितलं की पटकन बसतं. बाहेरचा लूप ओळींचा, आतला त्या ओळीत काय छापायचं त्याचा, एवढं जमलं की निम्मं काम झालं. ५ ओळींच्या पिरॅमिडमध्ये तिसऱ्या ओळीवर आधी २ स्पेस आणि मग ५ तारे, म्हणजे एन एकूण ओळी आणि आय ओळीचा नंबर धरला तर स्पेस एन वजा आय आणि तारे २ गुणिले आय वजा १, हे ज्याने कागदावर स्वतः शोधलं त्याला खरंच काहीतरी मिळालं. पोकळ चौकोन तर मला फार आवडतो, कारण तिथे लूपच्या आत इफ लागतो: पहिली ओळ किंवा शेवटची ओळ किंवा पहिला कॉलम किंवा शेवटचा कॉलम असेल तर तारा, नाहीतर स्पेस. चार अटी आणि मध्ये "किंवा", एवढ्यात लॉजिकल ऑपरेटरचा चांगला सराव होतो.

पण एका गोष्टीचा मला वैताग आला आणि माझं मत तिथेच फिरलं. पॅटर्न चुकला की तो जवळपास बरोबर दिसतो. एक तारा कमी, एक ओळ जास्त, बस. मग पोरं काय करतात, आय < एन चं आय <= एन करतात, रन करतात, नाही जमलं तर आतल्या लूपचा व्हेरिएबल 'जे' (j) एकपासून सुरू करायचा तो शून्यापासून करतात, परत रन, मग कुठेतरी अधिक एक लावतात, आणि कधीतरी आकृती बरोबर येते. आली की सोडतात आणि पुढचा पॅटर्न घेतात. का आली हे विचारलं तर उत्तर नसतं. हाच पिरॅमिड उलटा करून दे म्हटलं की परत पहिल्यापासून खाटखूट. आणि चांगली हुशार, मन लावून बसणारी पोरंही हेच करतात, कारण पॅटर्न तसं करू देतो. उत्तर डोळ्यासमोर असतं, नियम न कळताही तिथपर्यंत सरकत सरकत पोचता येतं. शिवाय स्पेस दिसत नाही, त्यामुळे ओळीच्या शेवटी फालतू चार स्पेस छापले जात असले तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

आकड्यांच्या प्रोग्राममध्ये असं सरकता येत नाही. उत्तर बरोबर असतं किंवा चूक असतं, आणि चूक असेल तर कुठे चुकलं ते बघायला एकेक फेरी हाताने चालवावीच लागते. साधं पॅलिंड्रोम घ्या. एन मॉड्युलो १० (म्हणजे १० ने भागून उरलेली बाकी) करून शेवटचा अंक काढायचा, उलटा आकडा १० ने गुणून त्यात मिळवायचा, एनला १० ने भागायचं, एन शून्य होईपर्यंत. शेवटी एन आणि उलटा आकडा सारखे आहेत का बघायचं. प्रोग्राम १२१ ला सुद्धा नाही म्हणतो. कारण लूप संपेपर्यंत एन शून्य झालेला असतो, मूळ आकडा आधी दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवायला हवा होता. ही चूक कुठलीही अट खालीवर करून सुटत नाही, लूपमध्ये व्हेरिएबलचं काय होतं हे समजल्यावरच सुटते. तसंच अंक मोजायचा प्रोग्राम, व्हाइलने लिहिला तर ० दिल्यावर शून्य अंक सांगतो, डू-व्हाइलने लिहिला तर १ सांगतो. डू-व्हाइल कशासाठी असतो याला याहून चांगलं उदाहरण मला तरी मिळालेलं नाही.

आणि मग कापरेकर. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर, १९४९ मध्ये त्यांनी मांडलेला ६१७४ हा आकडा, आपल्या मातीतला प्रॉब्लेम आहे आणि लूपच्या सरावाला इतका चपखल बसतो की अभ्यासक्रमात का नाही असं मला नेहमी वाटतं. सगळे अंक सारखे नसतील असा कुठलाही चार अंकी आकडा घ्या, अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाचा वजा करा, उत्तरावर परत तेच करा, जास्तीत जास्त ७ फेऱ्यांत ६१७४ येतो. ३५२४ घेतला तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. अ‍ॅरे अजून शिकला नसाल तर चार व्हेरिएबल आणि सहा इफ टाकून अंक लावता येतात. आता खरी मजा बघा, २१११ द्या. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. अंक काढायला "एन शून्यापेक्षा मोठा असेपर्यंत" असा व्हाइल लावला असेल तर इथे तीनच अंक निघतात, ९९९ वजा ९९९ शून्य, आणि प्रोग्राम शून्यावर अडकून फिरतच बसतो. बरोबर चार वेळा फिरणारा फॉर लावला की ०९९९ धरला जातो, ९९९० वजा ९९९ म्हणजे ८९९१, आणि पुढे नीट ६१७४ ला पोचतो. फॉर कधी आणि व्हाइल कधी हे मी कितीही बोलून समजावलं असतं तरी एवढं पटलं नसतं. ११११ ला तर सुरुवातीलाच इफ लावून अडवावं लागतं, सगळे अंक सारखे असले की पहिल्याच वजाबाकीत शून्य येतं. कापरेकरांचेच हर्षद आकडेही आहेत, अंकांच्या बेरजेने भाग जाणारे. ते सोपे आहेत, आधी ते करा.

आकड्यांच्या प्रोग्रामचा त्रास नाही असं नाही. सुरुवातीला कोरडं वाटतं, स्क्रीनवर एकच ओळ येते, आणि चुकलं तर काहीच सुचत नाही. त्यावर उपाय म्हणजे लूपच्या आत तात्पुरता प्रिंटएफ टाकून प्रत्येक फेरीला सगळे व्हेरिएबल छापायचे. अनंत लूप लागला तर टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी. शिवाय काही चुका तुमच्या नसतातच. आर्मस्ट्राँगला घात काढणारं पॉव फंक्शन वापरलं तर विंडोजवरच्या काही कंपायलरमध्ये १५३ सुद्धा नापास होतो, कारण पॉव डबल म्हणजे दशांशाचा आकडा देतं, ५ चा घन १२५ पेक्षा किंचित कमी येतो आणि इंटमध्ये टाकताना १२४ होतो. अंक तीनदा गुणून टाका, विषय संपला. लॅबमध्ये अजून टर्बो सी हा जुना कंपायलर असेल तर ८ चं फॅक्टोरियल ४०३२० ऐवजी उणे २५२१६ दाखवेल, तिथला इंट १६ बिटचा, ३२७६७ च्या पुढे जात नाही, लाँग घ्यायचा.

नेस्टेड लूप इकडे कमी मिळतात हा मात्र खरा मुद्दा आहे, तिथे पॅटर्न पुढे आहेत. पण १ ते १०० मधले प्राइम काढा किंवा १००० पर्यंतचे परफेक्ट नंबर, म्हणजे स्वतः सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज तोच आकडा येणारे, काढा (६, २८ आणि ४९६ आले पाहिजेत), आतला लूप आपोआप लागतो, आणि बेरजेचं व्हेरिएबल दोन लूपच्या नेमकं कुठे शून्य करायचं हेही कळतं.

नुसत्या इफ-एल्सच्या शिडीसाठी दोन्ही वाटा तोकड्याच आहेत. त्यासाठी लाइट बिल लिहा. आपल्या घरगुती बिलात १०० आणि ३०० युनिटला दर बदलतो, आणि वरचा दर फक्त वरच्या युनिटना लागतो. पहिल्यांदा लिहिणारे सगळ्या युनिटना एकदम वरचा दर लावतात, मग १०० आणि १०१ युनिटच्या बिलात मोठी उडी दिसते, ती दिसली की शिडी कशी बांधायची ते समजतं. त्यानंतर लीप वर्ष, १९०० ला नाही आणि २००० ला हो आलं पाहिजे.

प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर असेल तर गोष्ट वेगळी, तिथे पॅटर्न हमखास विचारतात. पिरॅमिड, फ्लॉइडचा त्रिकोण (पहिल्या ओळीत १, मग २ ३, मग ४ ५ ६) आणि पोकळ चौकोन एवढे तीन करा, पण रन करायच्या आधी कागदावर आय, स्पेस आणि तारे असे तीन कॉलम आखून भरा आणि मगच लूप लिहा. हातात महिनाभर असेल तर मी तरी हर्षदपासून सुरू करून कापरेकरपर्यंत जाईन आणि पॅटर्न मधून मधून घेईन.