‘बर्फाची हमी’ सांगून आमचे एकवीसशे युरो नेले

जर्मनी, नेदरलँड्स, इंग्लंडात राहणारी आणि शाळेच्या सुट्टीत आल्प्समध्ये स्कीला जाणारी मराठी कुटुंबं आता पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. २०२४च्या फेब्रुवारीत एका खोट्या घरमालकाने आमचे २,१०० युरो नेले. नसलेलं घर भाड्याने देण्याचे प्रकार समुद्रकिनारीही चालतात आणि शहरातही. पण आमच्याशी जो खेळ झाला तो डोंगरातल्या बर्फाच्या लहरीपणावर बेतलेला होता. बर्फ मिळेल की नाही या धाकधुकीचा त्या माणसाने पुरेपूर फायदा उठवला. तो कसा, हे तपशीलवार सांगितलं तरच पुढच्याला ओळखता येईल.

आम्ही म्युनिकजवळ राहतो. बव्हेरियात फाशिंगच्या, म्हणजे कार्निव्हलच्या, आठवड्यात शाळा बंद असतात. त्या वर्षी ही सुट्टी १२ फेब्रुवारीपासून होती. मुलं शाळेत असली की तारीख पुढेमागे करता येत नाही, आणि त्याच सुमारास फ्रान्स, नेदरलँड्समधल्या शाळांनाही सुट्ट्या असल्याने डोंगरातलं बरं घर शरद ऋतूतच संपतं. उलट बर्फाचा अंदाज खऱ्या अर्थाने कळतो तो जेमतेम आठवडाभर आधी. लवकर बुक करावं तर बर्फाचा भरवसा नाही, थांबावं तर घर नाही. या कात्रीत सापडलेल्या माणसाला ‘बर्फाची हमी’ हे दोन शब्द किती गोड लागतात, ते त्या भामट्यांना पक्कं ठाऊक असतं.

भरवसा उरला नाही म्हणजे काय, तेही सांगते. २०२२च्या डिसेंबरअखेर आल्प्समध्ये एवढी ऊब होती की फ्रान्समधल्या ले जेला ऐन हंगामात स्कीचे उतार काही काळ बंद ठेवावे लागले. स्वित्झर्लंडमध्ये ग्श्टाडला उतार जोडण्यासाठी हेलिकॉप्टरने बर्फ नेला. आडेलबोडनची विश्वचषक शर्यत झाली ती दोन्ही बाजूंना तपकिरी गवत आणि मधे कृत्रिम बर्फाचा पांढरा पट्टा अशा अवस्थेत. तेव्हापासून आमच्या ओळखीतलं प्रत्येक कुटुंब गावाचं नाव विचारायच्या आधी उंची विचारतं. ते बरोबरच आहे. १ डिसेंबर ते १५ एप्रिल या काळात किमान १०० दिवस ३० सेंटिमीटर बर्फ टिकला तर ते ठिकाण भरवशाचं, असा अभ्यासकांचा ढोबळ निकष आहे. आल्प्समध्ये ही भरवशाची रेषा पूर्वी साधारण १,२०० मीटरवर धरत. तापमान एका अंशाने वाढलं की ती सुमारे १५० मीटर वर सरकते.

बर्फ फवारणाऱ्या तोफा आहेत, पण त्याही थंडीशिवाय चालत नाहीत. हवेचा कोरडेपणा धरून काढलेलं तापमान उणे दोन-तीनच्या खाली गेलं पाहिजे. त्यात ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांतात फ्योन वारा सुटला की सगळी गणितं फिरतात. दक्षिणेकडून आलेली हवा आल्प्स चढताना ओल इटलीच्या बाजूला टाकते आणि उत्तरेच्या खोऱ्यांत कोरडी, गरम होऊन उतरते. काही तासांत तापमान दहा-बारा अंशांनीही चढू शकतं. त्या वेळी दक्षिणेच्या उतारांवर भरपूर बर्फ पडत असतो आणि इकडे खोऱ्यात पाणी वाहत असतं.

आता आमची हकीकत. आम्ही आणि माझ्या मैत्रिणीचं कुटुंब मिळून तिरोलमधल्या ब्रिक्सनटाल दरीत, साधारण ८०० मीटरवरच्या गावात, आठवड्यासाठी एक घर ठरवलं. भाडं १,४८० युरो. आजूबाजूच्या घरांपेक्षा थोडं कमी होतं, पण संशय यावा इतकं नव्हे. संकेतस्थळ जर्मनमध्ये, नीटनेटकं. ऑस्ट्रियात बंधनकारक असतं ते इम्प्रेसुम म्हणजे चालकाचं नाव-पत्त्याचं पान, त्यावर व्हॅट क्रमांक. शेजारी त्या स्की-क्षेत्राचा चालू वेबकॅम आणि रोजचं बर्फाचं कोष्टक. वेबकॅम खराच होता. असे वेबकॅम सगळ्यांसाठी खुले असतात, कुणीही आपल्या पानावर लावू शकतो, हे त्यामुळे लक्षात ठेवा.

त्या पानावर ठळक अक्षरांत हमी होती: मुक्कामाच्या तीन दिवस आधी गावात ३० सेंटिमीटरपेक्षा कमी बर्फ असेल, तर आमच्याच उंचावरच्या दुसऱ्या घरात हलवू. मी फोनवर बोलले. माणूस अस्खलित, इकडच्या ढंगाची जर्मन बोलत होता. मुलांची वयं विचारली, स्कीशाळेत नाव घालायचंय का विचारलं. माझे सासू-सासरे सांगलीहून आलेले होते, ते सोबत असणार हे कळल्यावर म्हणाला, “मग खालच्या मजल्यावरची खोली त्यांना ठेवतो, जिना चढायला नको.” ऑस्ट्रियन घरमालकाचं खातं लिथुआनियाच्या बँकेत का, हेही आम्ही विचारलं होतं. पैसे गोळा करणारी कंपनी तिकडची आहे, असं उत्तर मिळालं. युरोपात दुसऱ्या देशातला आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, असणं बेकायदा नाही, त्यामुळे हे उत्तर खोटंच आहे असं कुणालाही छातीठोकपणे म्हणता आलं नसतं.

फेब्रुवारी उजाडला तो गरम. ऑस्ट्रियात १७६७पासून तापमानाच्या नोंदी आहेत आणि त्यातला सर्वांत उबदार फेब्रुवारी तो ठरला. रोज सकाळी वेबकॅम लावायचा आणि खोऱ्यातलं हिरवं-तपकिरी गवत बघायचं, असं चाललं होतं. बुधवारी मी फोन करणार, त्याआधी त्याचाच आला. “तुमची हमी लागू झाली आहे,” म्हणाला. ओबरगुर्गलला, १,९३० मीटरवर, घर तयार आहे. बदलीचे पैसे नाहीत, फक्त ते घर वरच्या दर्जाचं असल्याने ६२० युरोंचा फरक आधी भरायचा, तो हमीखाली दोन आठवड्यांत परत मिळेल. हॉलंडचं एक कुटुंबही थांबलेलं आहे, म्हणून संध्याकाळी सहापर्यंत कळवा.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती पुढच्या गोष्टीची. बर्फाबद्दल तो बोलला त्यातला शब्द न शब्द खरा होता. त्या हिवाळ्यात खाली खडखडाट असला तरी २,००० मीटरच्या वर नेहमीपेक्षा जास्तच बर्फ साठला होता. ओबरगुर्गलचे उतार ३,०८० मीटरपर्यंत जातात, तिथला वेबकॅम पांढराशुभ्र दिसत होता. आम्ही तपासलं, आणि जे जे तपासलं ते खरं निघालं. खोटं होतं ते फक्त घर. ६२० युरो या वेळी स्पेनमधल्या खात्यावर गेले.

शनिवारी ओट्झटाल दरीतून वर ओबरगुर्गलला गेलो. सोल्डन मागे पडल्यावर रस्त्याच्या कडेला बर्फाच्या भिंती दिसू लागल्या, मुलं गाडीत टाळ्या पिटत होती. पत्ता बरोबर सापडला. किल्लीच्या पेटीचा चार आकडी संकेत आमच्याकडे होता, पण दाराशी पेटीच नव्हती. भिंतीला रचलेली लाकडं, दाराबाहेर माती लागलेले बूट, खिडकीत दिवा. तिथे कुणीतरी राहत होतं. बेल वाजवल्यावर साठीच्या बाई बाहेर आल्या. आमच्या गाडीवरच्या स्की पाहिल्या आणि मी काही बोलायच्या आतच त्यांनी विचारलं, “तुम्हीसुद्धा?”

जानेवारीत त्यांच्या दारात असंच एक कुटुंब येऊन उभं राहिलं होतं. त्यांच्या घराचे फोटो कुणीतरी रस्त्यावरून काढलेले, आणि आतले फोटो भलत्याच घराचे. त्यांनी पोलिसांत तक्रार दिली होती, तो कागद त्या आत जाऊन घेऊन आल्या आणि तक्रारीचा क्रमांक आम्हाला उतरवून घ्यायला लावला. आमच्याइतक्याच त्याही वैतागल्या होत्या. सासूबाई शाल गुंडाळून गाडीतच बसल्या होत्या. “काय झालं गं?” त्यांनी विचारलं, तेव्हा सांगताना माझा आवाज निघेना. तो माणूस फोन उचलत नव्हता.

त्या बाईंनीच पर्यटन कार्यालयात फोन केला. तिथल्या मुलीने तासाभरात लेंगनफेल्डला, दरीत बरंच खाली, दोन खोल्या मिळवून दिल्या. तिथून ओबरगुर्गलपर्यंत बस जाते. म्हणजे राहायचं खाली आणि बसने वर बर्फात जायचं. मी तर म्हणेन की उंचावरचं महागडं घर मिळालं नाही म्हणून कुणी घाबरून जाऊ नये. रोज सकाळी कुठे चढायचं ते बर्फ बघून ठरवता आलं पाहिजे, राहायची जागा दरीत असली तरी चालतं. हिंटरटुक्सच्या हिमनदीसाठी खालच्या त्सिलरटालमध्ये राहणारेही हेच करतात.

सोल्डनच्या पोलिसांनी आयबॅन, संदेश आणि संकेतस्थळाच्या प्रती मागितल्या. माझ्या नवऱ्याने बुकिंगच्या वेळीच सगळी पानं उतरवून ठेवली होती, ते फार उपयोगी पडलं, कारण दोन दिवसांत संकेतस्थळ गायब झालं. इम्प्रेसुममधला व्हॅट क्रमांक युरोपियन कमिशनच्या ‘व्हीआयईएस’ या मोफत सेवेत टाकला तर खरा निघाला, पण तो घरं भाड्याने देण्याशी काडीचा संबंध नसलेल्या दुसऱ्याच कंपनीचा. तेव्हा क्रमांक चालू आहे एवढं बघून थांबू नका. ऑस्ट्रियन क्रमांकासोबत नाव-पत्ताही दिसतो, तो इम्प्रेसुमशी जुळवून पाहा.

याहून सोपी आणि मला सर्वांत खात्रीची वाटणारी तपासणी म्हणजे गावच्या पर्यटन कार्यालयाला फोन. ऑस्ट्रियात पाहुण्यांची नोंद करून स्थानिक कर भरावा लागतो, त्यामुळे खरोखर भाड्याने दिलं जाणारं घर त्यांना माहीत असतं. नंबर मात्र कार्यालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या, घरमालकाने दिलेला नको. आणि घर बदललं तर नव्या पत्त्यासाठी पुन्हा फोन करा. सहापर्यंतची मुदत देणाऱ्याला सांगा की उद्या सकाळी कार्यालय उघडल्यावर कळवतो. खरा मालक कुरकुर करील, पण थांबेल.

हमीचे शब्दही बारकाईने वाचा. खऱ्या हमीत कोणत्या लिफ्ट किंवा किती टक्के उतार बंद असल्यास काय मिळेल, ते कुणी मोजायचं आणि पैसे कसे परत येतील, हे लिहिलेलं असतं. हमीचा लाभ घेण्यासाठी आधी तुम्हीच पैसे भरा, असं त्यात कधी नसतं. जर्मनीतून प्रवास आणि राहणं एकत्र असलेली पूर्ण सहल घेत असाल तर पैसे भरण्याआधी ‘झिखरुंग्सशाइन’ मागा. कंपनी बुडाली तरी पैसे सुरक्षित असल्याचा तो पुरावा आहे. नुसत्या बर्फ नसण्यावर साधा प्रवासविमा सहसा काही देत नाही, त्यामुळे विम्याच्या भरवशावर राहू नका.

समाजमाध्यमांवर स्वस्तात विकले जाणारे उरलेल्या दिवसांचे स्कीपासही घेऊ नका. बहुदिवसांचे पास ज्याच्या नावावर असतात त्यालाच चालतात.

पैसे भरण्याबद्दल एकच आग्रह: कार्डाने भरा. कार्डाच्या व्यवहारात बँकेमार्फत परतावा मागायची वाट असते. खात्यातून खात्यात केलेला भरणा परत बोलवायला पलीकडच्या बँकेचा आणि खातेदाराचा होकार लागतो, आणि तत्काळ भरणा तर दहा सेकंदांत पोचतो. आमच्या वेळी बँका नाव आणि आयबॅन जुळतात का ते बघत नव्हत्या. ९ ऑक्टोबर २०२५पासून युरो क्षेत्रातल्या बँकांना ही पडताळणी देणं बंधनकारक झालं आहे. नाव जुळत नाही असा इशारा आला तर तिथेच थांबा. पण नाव जुळलं म्हणजे घर आहे, असं मात्र नाही.

आमच्या बँकेने दोन्ही रकमा परत मागितल्या. लिथुआनियातलं खातं केव्हाच रिकामं झालेलं होतं. स्पेनमधलं खातं गोठवलं, असं कळवलं, पण त्यातले पैसे अजून आमच्यापर्यंत आलेले नाहीत. तुम्हाला असा फोन आला किंवा पैसे गेले असतील, तर त्याच दिवशी आधी बँकेला कळवा, मग जर्मनीत राज्याच्या ‘ऑनलाइनवाखे’वर पोलीस तक्रार द्या, आणि ऑस्ट्रियातलं घर असेल तर इंटरनेटवरच्या फसवणुकीची नोंद ठेवणाऱ्या ‘वॉचलिस्ट इंटरनेट’लाही संकेतस्थळाचा पत्ता पाठवा. रक्कम लहान आहे म्हणून तक्रार टाळू नका. सोल्डनच्या पोलिसाने आम्हाला सांगितलं की दोन वेगळ्या तक्रारींत एकच आयबॅन सापडला की त्यांना पुढे सरकायला आधार मिळतो. त्या बाईंच्या दारात जानेवारीत आलेल्या कुटुंबाने भरलेला आयबॅन आणि आमचा पहिला आयबॅन एकच निघाला.