नाट्येतिहासाचा पेपर आणि दादरची शनिवारची शिकवणी

पहिल्या वर्षी नाट्येतिहासात जेमतेम पास झाले. सनावळ्या तोंडपाठ होत्या. पण १८४३ला सांगलीत विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर' आणि १८८०ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल', या दोन्हींच्या मध्ये बदललं काय, ते लिहिताच येईना. मग मैत्रिणीने दादरची ही शिकवणी सुचवली.

बाई आधी वह्या मिटायला लावतात. भाव्यांच्या खेळात पदं सूत्रधार म्हणायचा, पात्रं आयत्या वेळी सुचेल तसं बोलायची. हे त्यांनी आम्हाला उभं करून करवून घेतलं. मी सीता झाले होते, आणि बोलायला काही सुचेना! पुढच्या शनिवारी सगळ्यांनी मिळून 'शाकुंतल'मधलं 'पंचतुंड नररुंडमालधर' हे नांदीचं पद म्हटलं. किर्लोस्करांकडे पात्रं स्वतः गाऊ लागली, ही केवढी मोठी उडी होती ते तेव्हा अंगावर काटा येऊन कळलं.

दर आठवड्याला एक प्रश्न घड्याळ लावून सोडवायचा. माझ्या पेपरात समासभर लाल शाईत 'का?' 'का?' असायचं. आता ते मी स्वतःच आधी विचारते.

खोली लहान, पंखा एकच आणि नोट्स फार उशिरा मिळतात. परीक्षेच्या तोंडावर त्याचा खरंच त्रास झाला. तरी डोंबिवलीहून दर शनिवारी लोकल पकडून जाते. परीक्षेच्या महिनाभर आधी जाऊ नका, जूनमध्येच नाव घाला.