मस्कतमधून फिलिपिन्सची शाळा: आठ महिन्यांचा अनुभव

माझी पत्नी फिलिपिन्समधील इलोइलोची, मी सांगलीचा आणि आम्ही दोघेही मस्कतमध्ये नोकरीला आहोत. दोन-तीन वर्षांत इलोइलोला परतायचे असल्यामुळे चौथीतल्या मुलीला तिकडच्याच अभ्यासक्रमात ठेवावे, या विचाराने मनिलातील एका ऑनलाइन शाळेची परदेशस्थ विद्यार्थ्यांसाठीची सेवा आम्ही जूनपासून घेतली. पुढे तक्रारीही असल्याने शाळेचे नाव देत नाही.

पहिली अडचण घड्याळाची. मनिला मस्कतच्या चार तास पुढे आहे, त्यामुळे तिकडे सकाळी 8 ते सायंकाळी 5 चालणारा मदत कक्ष आमच्याकडे पहाटे 4 ला उघडतो आणि दुपारी 1 ला, म्हणजे मी कार्यालयात असतानाच, बंद होतो. आमची सुट्टी शुक्रवार-शनिवारची, तिकडची शनिवार-रविवारची; राहतो तो शुक्रवार, आणि आमची सगळी कामे शुक्रवारीच झाली.

कागदपत्रांनी मात्र घाम काढला. मुलीचा जन्म इथला; जन्माची नोंद फिलिपिन्सच्या वकिलातीत केलेली होती, पण शाळेला मनिलाच्या सांख्यिकी कार्यालयाचाच दाखला हवा होता आणि तो यायला महिने लागतात. हे प्रवेशाच्या वेळी कोणी सांगितले नाही. तिचा बारा आकडी विद्यार्थी क्रमांक त्यापायी ऑक्टोबरपर्यंत अडकला. प्रत्येक उत्तरात आदरार्थी 'पो' असायचा, काम मात्र तसूभर हलत नसे.

पहिल्या तिमाहीत फिलिपिनो भाषेत 73 गुण पाहून मी पेढ्यांच्या गोष्टी करू लागलो, तेव्हा पत्नीने सांगितले की तिथे उत्तीर्ण व्हायला 75 लागतात. पस्तिशीत पास होणाऱ्यांच्या राज्यातला माणूस मी! कारण शोधल्यावर कळले की मुलगी आईशी हिलिगायनोन, म्हणजे इलोइलोकडची भाषा, बोलते आणि शाळेची फिलिपिनो भाषा मनिलाकडच्या टागालोगवर उभी आहे. पक्ष्याच्या चित्राखाली तिने 'इबोन'ऐवजी 'पिसपिस' लिहिले होते, आणि आपोआप तपासणाऱ्या चाचणीने ते सरळ चूक ठरवले होते.

इथे सेवेतील शिकवणी कामी आली. योगायोगाने मिळालेल्या शिक्षिका बाकोलोदच्या, म्हणजे हिलिगायनोन त्यांचीही घरची भाषा. 'पिसपिस' वाचून त्या हसल्या, तो शब्द खोडला नाही. शेजारी 'इबोन' लिहून वहीत दोन रकाने आखायला लावले, एक आईचा आणि एक शाळेचा. मुलीने आपण होऊन 'पक्षी' लिहून तिसरा रकाना माझ्यासाठी वाढवला. दुसऱ्या तिमाहीत 81 आले.

वादळांत मनिलातले वर्ग बुडतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण वर्ग रद्द झाल्याचा निरोप पहाटे मुलीला उठवून बसवल्यानंतर येतो, हे टाळता आले असते.

पुढच्या जूनसाठी आम्ही पुन्हा नोंदणी करणार आहोत, त्याच शिक्षिका मिळाव्यात अशी लेखी विनंती जोडून. 'जलद मदत' या नावाखाली घेतले जाणारे जादा शुल्क मात्र या वेळी भरणार नाही.