क्रूझवरून उतरून गोव्यात रिसॉर्टचा डे पास घेतला, ८२६० रुपये वसूल झाले का?

हॉटेलचं नाव लिहीत नाहीये, कारण चूक त्यांची जेवढी तेवढीच आमच्या अर्धवट चौकशीची पण आहे, आणि टॅक्सीवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे त्या पट्ट्यात बरेच जण हेच करतात. माजोर्डा ते कोलवा यांच्या मधे कुठेतरी, एवढंच समजा.

तर आम्ही चौघं, मी, नवरा, सासूबाई आणि नऊ वर्षांचे आमचे चिरंजीव, मुंबई-गोवा-मुंबई क्रूझला गेलो होतो. नाशिकहून निघून समृद्धीने इगतपुरी ते आमणे सुसाट, मग भिवंडीत नेहमीसारखं अडकून एकदाचे बॅलार्ड पिअरला पोचलो. क्रूझबद्दल इथे काही लिहीत नाही, ती मस्तच होती. विषय आहे गोव्यातल्या त्या एका दिवसाचा. क्रूझ सकाळी मुरगाव बंदराला लागते, संध्याकाळी पाचच्या आत परत आत यायचं, मधल्या वेळात तुम्ही मोकळे. क्रूझवाल्यांची साइटसीइंगची बस असते, चर्च, मंगेशी वगैरे, पण ते सगळं आमचं दोन-तीनदा झालंय. पोराला पोहायचं होतं, आईंचे गुडघे दुखतात त्यामुळे त्यांना वाळूत चालवणं अवघड, आणि मला स्वच्छ बाथरूम पाहिजे होतं, खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त मलाच. म्हणून रिसॉर्टचा डे पास. खोली मिळत नाही, पण पूल, टॉवेल, शॉवर, खुर्च्या, लॉन वापरायला मिळतं.

सकाळी डेकवर उभं राहून आईंनी बाहेर बघितलं तर समोर क्रेनची रांग आणि कोळशाचे काळे ढीग. मुरगावला कोळसा उतरतो ना. आई म्हणाल्या, "हा गोवा? हे तर आपलं एकलहरे!" नाशिकवाल्यांना कळेल, तिथल्या कोळशावरच्या थर्मल वीज केंद्राच्या बाजूने कधी गेला असाल तर.

आता मुख्य मुद्दा, वेळेचा. पासवर लिहिलेलं दहा ते सहा. आमची क्रूझ आठला लागली पण उतरायला डेकवाइज नंबर, मग रांग, मग गेटपर्यंत पोर्टची बस, मग टॅक्सीवाल्याशी घासाघीस (गोव्यात ओला-उबर नाहीये, जाऊन-येऊन आणि थांबून ३५०० ला ठरली), मग पंचवीसेक किलोमीटर. साडेअकराला हॉटेल. रिसेप्शनवर चार आधार कार्ड, फॉर्म, हाताला तो कागदी पट्टा, यात बारा. आणि परत तीनला निघायचंच होतं. म्हणजे आठ तासांचे पैसे भरून हातात आले तीन. मी विचारलं काही कमी होईल का, क्रूझवरून आलोय, तर पोरगी गोड हसून म्हणाली, "मॅम, क्रूझ गेस्टको भी सेम रेट है." मोठे २०००, लहान १०००, वर टॅक्स, ८२६०. त्यातले ३५०० खाण्यावर रिडीम होणार, म्हटलं चला, जेवण तरी निघालं.

पूलकडे गेलो आणि तिथे पहिला झटका. फोनवर नाशिकहून बुक करताना सांगितलं होतं समुद्राच्या बाजूचा पूल, फोटोत पण तोच. पट्टा बघून तिथला माणूस म्हणाला हा इन-हाऊस गेस्टचा, डे पासवाल्यांचा मागे. मागचा म्हणजे बेंबीएवढं पाणी, एका बाजूला एसीची यंत्रं घरघर करतायत आणि दुसऱ्या बाजूला नारळाखाली आठ खुर्च्या, त्यातल्या सहांवर कुणाकुणाचे टॉवेल टाकून ठेवलेले. नवरा भांडायला गेला. फोनवर सांगितलेल्याला पुरावा काय? व्हॉट्सॲपवर एक ओळ लिहून घ्यायला पाहिजे होती, "कुठला पूल", एवढंच. नाही घेतली.

दुसरा झटका कपड्यांचा. पोराने कॉटनची हाफ चड्डी घातलेली, लाइफगार्डने शिट्टी मारली, नायलॉनच पाहिजे. नियम बरोबर आहे, आपल्याकडे पण वॉटर पार्कला हेच सांगतात, पण नायलॉनची चड्डी राहिली क्रूझवर, केबिनमधे, वाळत घातलेली. हॉटेलच्या दुकानात ६५० ची एक घेतली, निळी, वर केशरी खेकडे. चिरंजीव खूश. मागचा पूल असो की पुढचा, त्याला काही फरक पडला नाही, दोन तास बाहेर आला नाही.

आता जेवण. रिडीम होणार म्हणजे नेमकं काय हे आपण विचारत नाही, इथेच फसतो. बफेवर नाही, ड्रिंक्सवर नाही, बाटलीबंद पाण्यावर पण नाही, फक्त पूलसाइडच्या मेनूवर. त्या मेनूत सँडविच, फ्राइज, पास्ता, पनीर टिक्का, असलंच. गुरुवार होता म्हणून आईंचा आणि माझा मासा बंद, आईंना पाहिजे होता साधा दहीभात, तो मेनूत नाही. वेटर मात्र भला माणूस, सिंधुदुर्गातला निघाला, आत जाऊन कुणाशी तरी बोलून दहीभात आणि लोणचं घेऊन आला आणि बिलात लावला साधा राइस. त्याला पाच स्टार. आम्ही नाशिकहून कोंडाजीचा चिवडा नेला होता तो गेटवरच बॅग बघून बाजूला ठेवायला लावला, जाताना परत दिला. खाऊन खाऊन किती खाणार, पोराने दोन आइस्क्रीम हाणले तरी शेवटी ५४० रुपये उरले, नवरा म्हणाला पार्सल द्या, तर पार्सल चालत नाही म्हणे. गेले.

माझ्या डोक्यात आपले नाशिकचे रिसॉर्ट होते. गंगापूर धरणाच्या बाजूला, त्र्यंबक रोडला माणशी पैसे भरले की सकाळी मिसळ-पोहे, दुपारी जेवण, संध्याकाळी चहा-भजी, सगळं त्यातच. गोव्याचा डे पास म्हणजे ते नाही, तिथे मुळात जागा वापरायचे पैसे आहेत. भाचा अमेरिकेत असतो, टेक्सासच्या गॅल्व्हेस्टनहून मेक्सिकोत कोझुमेलला क्रूझने गेला होता, तिकडे हा प्रकार एकदम सरावाचा, खाणं-पिणं सगळं धरून पास असतो, आधी ऑनलाइन घ्यायचा. त्याने एक कामाची गोष्ट सांगितली, हिवाळ्यात कोझुमेलचं घड्याळ टेक्सासपेक्षा एक तास पुढे असतं, त्यामुळे क्रूझचा टाइम कुठला आणि गावाचा कुठला हे बघूनच परतीची टॅक्सी सांगायची. गोव्यात ती भानगड नाही, तेवढं सुख.

समुद्र. हा भाग नीट वाचा, कारण पैसे वाचतील. तिथला बीच हॉटेलचा नसतो, कुणाचाच नसतो, सरकारी आहे. हॉटेलच्या मागच्या फाटकातून माडांमधून चालत पाच मिनिटांवर तीच वाळू, तेच पाणी, तेच 'दृष्टी' कंपनीचे लाइफगार्ड. लाल झेंडा होता म्हणून आत जाऊ दिलं नाही, पाय भिजवून आलो. शेजारीच शॅक, म्हणजे वाळूवरचं तात्पुरतं खाण्या-पिण्याचं ठिकाण. नवरा रागारागाने तिकडे जाऊन बसला, एक बिअर आणि सुरमई रवा फ्राय मागवली, तेवढ्यावर त्याला छत्रीखालचा पलंग फुकट मिळाला आणि समुद्र पण आमच्यापेक्षा जवळून दिसत होता. त्याचा पास म्हणजे २००० पाण्यात, आणि ते पण मागच्या पूलच्या. फक्त मे संपला की शॅक उचलतात, पण पावसाळ्यात क्रूझ पण बंदच असते.

मग पास घेऊच नये का? असं नाही म्हणणार. आईंना गेटपासून बग्गीने नेलं, कमोड असलेलं चकाचक बाथरूम, लॉबीतल्या थंड हवेत तासभर डुलकी काढली, मला गरम पाण्याचा शॉवर मिळाला, केसातली वाळू-मीठ गेलं, परत क्रूझवर चिकचिक घेऊन जावं लागलं नाही. शॅकवर हे मिळत नाही. फक्त हिशोब बघा, जेवणाचे ३५०० वजा केले तरी माणशी तासाला चारशे पडले. चौघांचा न घेता आई, मी आणि पोरगा असा तिघांचा घेतला असता तर जमलं असतं. आणि शनिवार-रविवारी हॉटेल भरलं असेल तर ऐनवेळी डे पास देत नाहीत, ते पण आधी विचारून घ्या.

परतताना जीव टांगणीला लागला. तीनला निघायचं ते पट्टे कापून, टॉवेल जमा करून, चिवडा परत घेऊन सव्वातीन झाले, आणि वाटेत रेल्वे फाटक बंद. क्रूझच्या बसने गेलेले लोक लेट झाले तर क्रूझ थांबते, आपण आपले गेलो असलो तर थांबत नाही, हे आदल्या रात्रीच माइकवर सांगितलं होतं. मी घड्याळ बघतेय, नवरा मला बघतोय, आणि समोरून मालगाडी हळूहळू, संपेचना. आई शांतपणे डबे मोजत होत्या. एक्केचाळीसपर्यंत मोजले आणि मग म्हणाल्या, "बघ, कोळसाच आहे. एकलहऱ्यालाच चाललीय." टॅक्सीवाल्याने मागे वळून विचारलं, "काय झालं?" आम्ही हसत सुटलो. चार वीसला पोर्टच्या गेटवर होतो.

हॉटेलला अडीच स्टार, वेटरला वेगळे पाच. खेकड्यांची चड्डी घालून पोरगा आता पोहायच्या क्लासला जातो.