पुराच्या दिवसांसाठी पिण्याचे पाणी: साठा, उकळणे, क्लोरीन की यंत्र?

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा पात्राबाहेर आल्या, तेव्हा चहूबाजूंनी पाणी असताना सांगली-कोल्हापूरच्या असंख्य घरांत पिण्याचे पाणी मिळेनासे झाले. कोल्हापूरला पाणी पुरवणारी शिंगणापूर, बालिंगे आणि नागदेववाडी येथील उपसा केंद्रे बुडाली होती आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अनेक दिवस बंद राहिल्यामुळे बाहेरून मदत पोहोचणेही कठीण झाले होते. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. म्हणून नदीकाठच्या शहरातील कुटुंबाने तयारी करताना नळ, वीज आणि रस्ता हे तिन्ही एकाच वेळी बंद पडतील असे गृहीत धरावे. पुढील पर्याय मी याच कसोटीवर तपासले आहेत.

सर्वांत भरवशाचा पर्याय म्हणजे आधीच भरून ठेवलेले स्वच्छ पाणी. पिणे आणि स्वयंपाक यांसाठी माणशी रोज सुमारे ४ लिटर धरले, तर पाच जणांच्या घराला तीन दिवसांसाठी ६० लिटर, म्हणजे २० लिटरचे तीन कॅन लागतात. जागा असेल तर पाच दिवसांचा साठा करावा. खाद्यपदार्थांसाठी बनवलेले, घट्ट झाकणाचे आणि शक्यतो खाली तोटी असलेले कॅन मला पिंपापेक्षा सरस वाटतात, कारण घरातले पाणी बहुधा हात बुडाल्याने दूषित होते. पिंपच वापरायचे असेल तर लांब दांड्याचे ओगराळे हवेच. विकतच्या थंड पाण्याच्या जारवर मात्र विसंबू नये: तो सीलबंद बाटलीतल्या पाण्यासारखा प्रमाणित असतोच असे नाही आणि पुरवठादाराची गाडी रस्ता असेपर्यंतच येते.

येथे दोन गोष्टी आड येतात. पहिली म्हणजे काल भरलेले पाणी आज शिळे होते ही चुकीची समजूत. स्वच्छ भांड्यात झाकून ठेवलेले, क्लोरीनयुक्त नळाचे पाणी एका दिवसात खराब होत नाही, त्यामुळे ते रोज ओतून देण्याचे कारण नाही. दुसरी अडचण खरी आहे. डेंग्यू पसरवणारा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, म्हणून आरोग्य विभाग आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायला सांगतो. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये डास शिरत नाही; उघड्या किंवा नुसत्या ताटाने झाकलेल्या पिंपात शिरतो. पावसाळाभर साठा ठेवायचा असेल तर कॅनच घ्यावेत असे मी म्हणतो ते मुख्यतः यासाठी.

साठा संपल्यावर शुद्धीकरणाचा प्रश्न येतो. उकळणे हा जंतूंच्या दृष्टीने सर्वांत खात्रीचा उपाय आहे: पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट तशीच ठेवली की जिवाणू, विषाणू आणि क्लोरीनला दाद न देणारा क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवीही मरतो. याची किंमत इंधनात मोजावी लागते. माझ्या हिशेबाने २० लिटर पाणी उकळायला साधारण पाव किलो गॅस जातो. सिलिंडर नुकताच लावलेला असेल तर हे परवडते. संपत आलेला असेल आणि रस्ता बंद असेल, तर त्याच गॅसवर भातही शिजवायचा आहे हे विसरून चालत नाही. शिवाय उकळलेल्या पाण्याला पुढे कोणतेच संरक्षण उरत नाही आणि एखाद्या बालकाने त्यात पेला बुडवला की सगळा खटाटोप वाया जातो.

क्लोरीन नेमकी ही उणीव भरून काढते, कारण त्याचा थोडा अंश पाण्यात टिकून राहतो. घरासाठी गोळ्या किंवा द्रव औषध घ्यावे आणि पाकिटावरील प्रमाण पाळून अर्धा तास थांबावे. ग्रामपंचायतीत वापरली जाणारी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घरी वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे: १,००० लिटरला ती साधारण २.५ ग्रॅम लागते, म्हणजे २० लिटरच्या कॅनला ०.०५ ग्रॅम, आणि एवढे मोजण्याचे साधन घरात नसते. द्रव औषध उन्हाने आणि उष्णतेने काही महिन्यांत निकामी होऊ लागते; गोळ्या बंद पाकिटात कितीतरी अधिक टिकतात. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातच खर्ची पडते, म्हणून आधी तुरटी फिरवून, निवळू देऊन, वरचे पाणी चौपदरी कापडातून गाळून घ्यावे. तुरटी पाणी निवळते, निर्जंतुक करत नाही.

आरओ यंत्राबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. त्याला वीज लागते, पुरेसा दाब लागतो आणि ते पाण्याचा बराच भाग फेकून देते. टंचाईच्या दिवसांत हे तिन्ही दोष एकदमच भोवतात. विजेशिवाय चालणारा, सूक्ष्म पोकळ तंतूंच्या पडद्याचा फिल्टर मात्र उपयोगी आहे, फक्त त्यानंतरही पाण्यात क्लोरीन घालावे. ऊन देऊन पाणी शुद्ध करण्याच्या पद्धतीत पारदर्शक बाटली सहा तास कडक उन्हात ठेवावी लागते, आणि पुराच्या आठवड्यात ते ऊन मिळत नाही.

यांतले काहीही हाताशी असले, तरी पुराचे पाणी शुद्ध करून पिण्याचा विचार करू नये. त्यात डिझेल, कीटकनाशके आणि कारखान्यांचे सांडपाणी मिसळलेले असते आणि ते उकळून किंवा क्लोरीनने जात नाही. त्यापेक्षा स्वच्छ छपराच्या पागोळ्यांचे पाणी, पहिला जोराचा पाऊस वाहून जाऊ देऊन, धरावे आणि त्यावर क्लोरीन वापरावे.

माझी निवड सांगायची तर तीन ते पाच कॅन, गोळ्यांचे एक पाकीट आणि भरलेला एक जादा सिलिंडर, याच क्रमाने. गच्चीवरची टाकी हाही मोठा साठा आहे, पण इशारा येताच ती भरून घ्यावी आणि नंतर जमिनीखालच्या टाकीतून पाणी वर चढवणारा पंप बंद ठेवावा. खालच्या टाकीत एकदा पूर शिरला की ती उपसून, घासून, क्लोरीनने धुतल्याशिवाय वापरता येत नाही. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी कॅन आधीच वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांकडे ठेवावेत. भरलेला कॅन २० किलोचा असतो आणि गुडघाभर पाण्यातून तो जिन्यावर चढवणे वृद्धांना जमत नाही.