पीएचपीसीपीडीचे सहा महिने: सत्तर टोकनांखाली दडलेल्या चार ओळी

22 सप्टेंबर 2025 रोजी, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. नागपूरच्या इतवारीतील ठोक व्यापाऱ्यांसाठी आम्ही दोघे जी बिलिंगची वेब प्रणाली चालवतो, तिच्यातील पाच क्लासमध्ये (कोडच्या स्वतंत्र भागांमध्ये) मी आदल्या रात्री बसून बारा टक्क्यांचे पाच टक्के केले होते. तोच हिशेब असलेला सहावा क्लास राहून गेला. दुपारी फरसाणाच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला: दुकानातील बिलावर पाच टक्के लागत होते, मोबाईलवरून काढलेल्या बिलावर मात्र बाराच. त्या दिवशी त्यांची चाळीसहून अधिक बिले आम्हाला दुरुस्त करून द्यावी लागली, आणि त्याच आठवड्यात मी पीएचपीसीपीडी, म्हणजे पीएचपी भाषेतील कोडमध्ये नकलून चिकटवलेले भाग शोधणारे साधन, वापरायला घेतले.

निवडीचे पहिले कारण पैसा हेच होते. दरमहा माणशी डॉलरमध्ये शुल्क घेणारी साधने आमच्या मिळकतीला झेपत नाहीत. हे साधन मोफत आहे आणि एकच 'phar' फाईल, म्हणजे सगळे साधन एकत्र बांधलेली फाईल, उतरवून चालते. पहिल्याच फेरीत त्याने अहवालांच्या क्लासमधील तारखांच्या तपासणीच्या लांबलचक नकला दाखवल्या, तेव्हा मी अतिशय समाधानी होतो. परंतु ज्या हिशेबासाठी हा खटाटोप केला, तो यादीत कुठेच नव्हता.

याचे कारण समजून घेण्यात माझे दोन रविवार गेले. मूळ मांडणीत किमान पाच ओळी आणि सत्तर टोकन (कोडमधील शब्द, चिन्हे असे सुटे घटक) जुळल्याशिवाय हे साधन नक्कल मानत नाही. आमचा हिशेब चारच ओळींचा होता: दराचा गट ठरवणे, कर काढणे, त्याची सीजीएसटी आणि एसजीएसटी अशी निम्मी वाटणी करणे आणि पैशांपर्यंत पूर्णांकन करणे. मर्यादा तीन ओळी आणि पंचवीस टोकनांवर आणली, तर गेटर, सेटर (किंमत वाचणारी व बदलणारी छोटी फंक्शने) आणि ॲरे (किमतींच्या याद्या) यांनी यादी भरून गेली. ढोबळ जुळणीचा 'फझी' पर्याय लावला, पण तो फक्त व्हेरिएबलच्या नावांकडे दुर्लक्ष करतो. बाणाच्या चिन्हानंतर (->) येणारे प्रॉपर्टीचे, म्हणजे क्लासमधील माहितीच्या कप्प्याचे, नाव वेगळे असले की जुळणी तुटते, आणि आमच्याकडे एका क्लासमध्ये 'दर' तर दुसऱ्यात 'करदर' असे नाव होते. सर्वांत घातक नक्कल बहुधा सर्वांत लहान असते, आणि तिथेच हे साधन तोकडे पडते. अखेर सहाही जागा मी साध्या शब्दशोधाने, 'एसजीएसटी' हा शब्द धरून, शोधल्या.

त्यानंतर माझ्याकडून एक चूक झाली, आणि त्यामुळे माझे मतही बदलले. सहाही क्लासमधील हिशेब मी एका पालक क्लासमध्ये (ज्याच्याकडून बाकीचे क्लास कोडचा वारसा घेतात) नेला आणि काम संपले असे मानले. ऑक्टोबरमध्ये ऑगस्टला विकलेला माल परत आला, तेव्हा क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची रक्कम वळती करणारा कागद) पाच टक्क्यांनी निघाली; मूळ बिल बारा टक्क्यांचे होते आणि क्रेडिट नोटवर मूळ विक्रीचाच दर हवा असतो. कोटेशन आजच्या दराने चालते, क्रेडिट नोट मूळ बिलाच्या तारखेच्या दराने. जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या त्या चार ओळी बदलण्याची कारणे वेगवेगळी होती, हे कोणतेही टोकन मोजणारे साधन सांगू शकत नाही, म्हणून तो दोष मी त्याच्या माथी मारत नाही. आता करगणनेचा स्वतंत्र क्लास आहे, त्याला तारीख द्यावीच लागते, आणि बाकीचे क्लास त्याच्याकडून वारसा न घेता त्याला केवळ हाक मारतात. दोन्ही तारखांसाठी टेस्टही लिहिल्या आहेत.

साधनाची रिपॉझिटरी (त्याच्या मूळ कोडचे कोठार) आता संग्रहित, म्हणजे फक्त वाचण्यापुरती खुली, आहे, त्यामुळे पुढील दुरुस्त्यांची आशा नाही. पीएचपीबाहेरचे, म्हणजे ब्राउझरमधील जावास्क्रिप्टचे काहीच ते पाहत नाही. तरीही प्रत्येक नव्या आवृत्तीआधी मी ते चाळीस टोकनांवर चालवतो. मागील फेरीत दोन नोंदी आल्या: एक काढून टाकली, आणि पुरवठादार व ग्राहक यांच्या पत्त्यांच्या तपासणीची दुसरी, कारण लिहून, तशीच ठेवली.