११-स्पीड सांगून १०-स्पीड डीआय-टू गळ्यात मारला

जुना शिमानो डीआय-टू सेट, म्हणजे सायकलचे बॅटरीवर चालणारे इलेक्ट्रॉनिक गिअर, घ्यायच्या विचारात असाल तर आधी हे वाचा. माझे ३६ हजार गेले. यात पार्सलमध्ये वीट किंवा साबण येत नाही. खरा शिमानोचाच माल येतो, तो चालूही असतो, आणि म्हणूनच फसवणूक लवकर लक्षात येत नाही.

माझी सायकल ॲल्युमिनियमची, रिम ब्रेकची, शिमानोचे केबलवाले १०५ आर-७००० गिअर बसवलेली; ११-स्पीड, म्हणजे मागे अकरा गिअर. बीआरएमला (लांब पल्ल्याच्या, ठरावीक वेळेत संपवायच्या राइडला) रात्री थंडीने बोटं आखडली की डावा शिफ्टर ढकलणं जिवावर येतं. बटणावर गिअर पडावेत, एवढीच हौस. १०५ मध्ये इलेक्ट्रॉनिक २०२२ साली आलं खरं, पण १२-स्पीड आणि फक्त डिस्क ब्रेकचं. म्हणजे फ्रेम आणि चाकांपासून सगळा नवा खर्च. खिशाला झेपणारा मार्ग एकच उरतो: लोकांनी १२-स्पीडला जाताना काढून ठेवलेला ११-स्पीडचा शिमानो अल्टेग्रा ६८७० डीआय-टू. कॅसेट (मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच), चेन, क्रँक आहे तेच चालतं.

जाहिरात नेमकी तशीच होती. लिव्हर, दोन्ही डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारे भाग), आतली बॅटरी, जंक्शन (वायरी जोडायची बटणवाली डबी), वायरी, सगळं. माणूस बोलायला गोड आणि माहितगार. "सर, कॅसेट ११-२८ आहे की ११-३२?" हा त्याचाच पहिला प्रश्न. कॅनडाला चाललोय, सामान आवरतोय म्हणाला. व्हिडिओ कॉलवर सायकल स्टँडला लावून सगळे गिअर चढवून-उतरवून दाखवले, डिरेलरवरचा ६८७० हा नंबर कॅमेऱ्यासमोर धरला. चार्जर वेगळा घ्यावा लागतो हे बहुतेक जण विसरतात. त्याने तो फुकट देतो म्हटलं. निम्मे पैसे आधी, निम्मे कुरिअरच्या पावतीचा फोटो आल्यावर. पार्सल सांगितलेल्या दिवशी आलं, बबल रॅपमध्ये नीट बांधून.

बसवल्यावर गिअर मधल्या चार-पाच चकत्यांवर सुरेख पडत होते. टोकाला गेलं की चेन घासायची, कधी उडी मारायची. फोन केला. "ॲडजस्टमेंट मोडला टाका सर, नव्या सायकलवर सेटिंग लागतंच." तेही खरंच आहे. जंक्शनचं बटण लाल दिवा लागेपर्यंत दाबायचं आणि लिव्हरने डिरेलर किंचित किंचित सरकवायचा. एका टोकाला जमवलं की दुसरं बिघडायचं. पुन्हा फोन. "कुरिअरमध्ये धक्का लागला असेल, प्रोटेक्शनमध्ये गेलाय, बटण अजून थोडा वेळ दाबून धरा." हेही खोटं नाही, जोराचा मार बसला की डीआय-टूचा मागचा डिरेलर मोटरपासून सुटतो आणि असंच बटण दाबून पूर्ववत करावा लागतो. मग हँगर (डिरेलर फ्रेमला अडकवायचा तुकडा) वाकडा असेल, मग फर्मवेअर जुनं असेल. प्रत्येक उपाय पुस्तकात सापडणारा, प्रत्येकात दोन-तीन दिवस जाणारे. सगळा डाव इथेच आहे. आपण आपल्याच फिटिंगवर शंका घेत बसतो आणि तेवढ्यात त्याच्या खात्यातले पैसे पुढे सरकतात.

शेवटी सायकल घेऊन पुण्यात पासोड्या विठोबापाशी ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने चेनच काढून टाकली. डिरेलर एका टोकाला नेला आणि बटण दाबत मोजायला लागला. नऊला डिरेलर थांबला. पुन्हा मोजलं, पुन्हा नऊ. "दादा, अकराचा असता तर दहा वेळा हलला असता. हा दहाचा आहे." मग डिरेलर खोलून मागची बाजू उजेडात धरली. नंबर कोरलेला असतो तिथे काळ्या रंगाचा बारीकसा थर होता, इतका सफाईदार की बाकीच्या काळ्या भागात मिसळून गेलेला. नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा फिरवल्यावर ६७७० उमटलं. ही २०११ची पिढी, १०-स्पीडची. पुढचा डिरेलरही तोच निघाला.

घासण्याचं कारणही मग उलगडलं. १०-स्पीड कॅसेटमध्ये दोन चकत्यांमधलं अंतर साधारण ३.९५ मिमी, ११मध्ये ३.७४. पाच गिअर सरकेपर्यंत मिलिमीटरभर फरक पडतो. मधोमध जुळवलं तर दोन्ही टोकं जाणारच. व्हिडिओत दाखवलेला सेट खराच ६८७० होता. तो त्याच्याकडेच राहिला.

हे सांगितल्यावर त्याचं उत्तर एका ओळीचं: "तुम्हीच बदलून आता मला फसवताय." मग ब्लॉक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरही नोंदवली. हा नंबर लगेच फिरवला तर पैसे गोठवता येतात. माझ्या बाबतीत खातं केव्हाच रिकामं झालं होतं. ठाण्यात पहिला प्रश्न आला, "माल मिळाला ना तुम्हाला?" वीट आली असती तर बरं झालं असतं असं त्या क्षणी वाटलं! मिळतीजुळती वस्तू पाठवली की गुन्ह्याचा व्यवहारातला वाद होतो, आणि हे त्याला पुरतं माहीत असणार.

समोरासमोर, एखाद्या दुकानात स्टँडवर लावून पाहिल्याशिवाय असा सेट घेऊ नका. लांबूनच घ्यायचा असेल तर व्हिडिओवर भुलू नका, पार्सल येतं ते वेगळंच. पार्सल कॅमेऱ्यासमोर उघडा आणि काहीही बसवण्याआधी बॅटरी जोडून क्लिक मोजा. शिमानोच्या ई-ट्यूब ॲपला जोडायची सोय असेल तर फारच उत्तम. तिथे प्रत्येक भागाचा मॉडेल नंबर येतो आणि त्यावर रंग फासता येत नाही. नऊ क्लिक भरले तर विकणाऱ्याला फोन करू नका, थेट १९३० लावा.

त्याच फोटोंची जाहिरात मागच्या आठवड्यात पुन्हा दिसली. नाव दुसरं, किंमत दोन हजारांनी कमी. डाव्या लिव्हरच्या रबराला अंगठ्याजवळ आडवा चीर गेलेला आहे, मागे हिरवट फरशी आणि लोखंडी कपाट दिसतं. कोणाला दिसली तर त्याचा नंबर आणि यूपीआय आयडी मला कळवा, तक्रारीला जोडायचा आहे.